चोर, संन्यासी आणि वटवाघूळ

बरेच दिवस इथे शुकशुकाट होता. तो मोडायला आज जरा विचित्र विषय घेतलाय. गेले काही महिने जमेल तसं वाचत होतो ते रानातल्या वटवाघळांच्या अंगातले विषाणू माणसाने शोधून कसे काढले याबद्दल. त्यात वटवाघळाच्या लघवीला फार मोठं स्थान आहे, त्यामुळे जेवताना हा विषय काढायला मला घरात बंदी आहे. :) म्हणून म्हटलं, इथेच लिहावं.

वर्तमानपत्रात एका ओळीत येतं : अमुक ठिकाणच्या वटवाघळांत तमुक विषाणू आढळला. 'आढळला' हा शब्द वाचून आपण पान उलटतो. जणू रस्त्याने जाताना कुणाला पाकीट सापडावं तसा तो सापडला. प्रत्यक्षात या एका शब्दामागे कित्येक वर्षांची पायपीट असते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याआधी भलत्याच कुणालातरी शिक्षा देऊन झालेली असते. आपल्याकडे म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. या इतिहासात ती म्हण इतक्यांदा आठवते की शेवटी मी मोजणं सोडून दिलं.

सुरुवात करू वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादपासून. १९२५ च्या सुमारास तिथली गुरं पटापट मरू लागली. पाय लुळे पडायचे आणि जनावर जायचं. सडक्या चाऱ्यातून विषबाधा होत असावी असं निदान झालं. १९२९ साली माणसंही तशीच मरू लागली. पायांपासून वर वर चढत जाणारा लकवा. डॉक्टरांना वाटलं पोलिओ. कुत्रं चावल्याचं कुणाच्याच बाबतीत नव्हतं, त्यामुळे रेबीजचा विचार कुणी कशाला करेल? जोसेफ लेनॉक्स पावन या तिथल्याच जीवाणूतज्ज्ञाने मृतांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि त्यात रेबीजची खूण असलेले ठिपके दिसले. हा रेबीज आणत होती रक्त पिणारी वटवाघळं. रात्री झोपलेल्या माणसाला ती इतक्या हलक्या दातांनी चावतात की पुष्कळदा जाग येत नाही. ब्राझीलमध्ये १९११ सालीच कुणीतरी ही शंका बोलून दाखवली होती, पण लोकांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. पावननी वटवाघळांच्या मेंदूतही तेच ठिपके दाखवून दिले.

इथे तपास तसा सोपा होता, म्हणजे आजच्या मानाने. वटवाघूळ धरायचं, मेंदू कापायचा, रंग द्यायचा, बघायचं. खरी पंचाईत पुढे झाली. कारण बहुतेक विषाणूंच्या बाबतीत वटवाघूळ आजारीच पडत नाही. ते धडधाकट असतं, रोज संध्याकाळी उडून जातं, पहाटे परत येतं, पिल्लं घालतं. मग ज्याला ताप नाही, खोकला नाही, त्याच्यावर संशय तरी कसा घ्यायचा?

या प्रश्नाचं पहिलं चांगलं उत्तर ऑस्ट्रेलियात मिळालं. सप्टेंबर १९९४ मध्ये ब्रिस्बेन शहराच्या हेंड्रा या भागात एका तबेल्यातले डझनभराहून जास्त शर्यतीचे घोडे काही दिवसांत गेले. त्यांची देखभाल करणारे प्रशिक्षक व्हिक रेल हेही गेले. विषाणू लगेच सापडला, पण तो घोड्यांत आला कुठून हे कळेना. पुढच्या वर्षी असं उघडकीला आलं की हेंड्राच्या महिनाभर आधी उत्तरेला मकाय गावाजवळही याच रोगाने घोडे मेले होते. मकाय आणि ब्रिस्बेन यांच्यामध्ये आठशे-हजार किलोमीटर अंतर. त्या घोड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग तपास करणाऱ्यांनी साधा विचार केला. असा कुठला प्राणी आहे, जो या दोन्ही ठिकाणी असतो आणि एवढं अंतर सहज ओलांडतो? अर्थातच उडणारा. १९९६ साली मोठ्या फळखाऊ वटवाघळांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, सापडली. त्यानंतर काटेरी तारेत अडकलेल्या एका गाभण मादीच्या गर्भाशयातल्या द्रवातून जिवंत विषाणूही हाती आला.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. 'विषाणू आढळला' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे अर्थ लपलेले असतात. पहिला अर्थ प्रतिपिंडांचा. वटवाघळाच्या पंखातल्या शिरेतून थेंबभर रक्त घेतात, त्यातलं पाणी वेगळं करून विषाणूबरोबर मिसळतात आणि ते पेशींवर टाकतात. पेशी जगल्या तर त्या रक्तात विषाणूला अडवणारं काहीतरी होतं. म्हणजे कधीतरी या वटवाघळाची त्या विषाणूशी गाठ पडली होती. ओसरीवरच्या चिखलात पाऊल उमटलेलं दिसावं तसं हे. माणूस येऊन गेला एवढं कळतं, आत्ता घरात आहे की नाही ते कळत नाही. बरं, जवळच्या नात्यातल्या दुसऱ्याच विषाणूचं पाऊलही तसंच दिसू शकतं. दुसरा अर्थ पीसीआरचा. आता ही चाचणी २०२० नंतर पोरासोरांनाही माहीत झाली आहे. घशातल्या किंवा लघवीतल्या विषाणूच्या आरएनएचे तुकडे ती वाढवून दाखवते. म्हणजे पाहुणा आत्ता घरात आहे किंवा नुकताच गेलाय, त्याचं धोतर दोरीवर वाळतंय. आणि तिसरा अर्थ म्हणजे प्रत्यक्ष जिवंत विषाणू पेशींत वाढवून दाखवणं. हे सगळ्यांत अवघड. बातमी वाचताना यातलं कुठलं झालंय हे विचारायची सवय मला आता लागली आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मलेशिया, सप्टेंबर १९९८. पेराक राज्यात इपोह शहराजवळ डुकरं पाळणाऱ्या लोकांना मेंदूज्वर होऊ लागला. तिथे जपानी मेंदूज्वर आधीपासून होता. तो पसरवतात डास, आणि विषाणू वाढतो डुकरांत. डुकरं आहेत, डास आहेत, मेंदूज्वर आहे. काही रुग्णांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडंही सापडली. कुणालाही वाटेल तेच सरकारला वाटलं. धूरफवारणी सुरू झाली, लोकांना आणि डुकरांना त्या रोगाच्या लशी टोचल्या गेल्या. नंतर शहाणपण सांगणं सोपं असतं, त्या वेळी तो तर्क वेडगळ नव्हता. पण आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत झाली.

कारण काही गोष्टी जुळत नव्हत्या. जपानी मेंदूज्वर जास्त करून लहान मुलांना होतो, इथे मरत होते कर्ते पुरुष. डास काही जात-धर्म बघून चावत नाही, पण शेजारच्या मलय मुसलमान वस्तीत कुणी आजारी नव्हतं. आजारी होते ते डुकरांच्या थेट संपर्कातले, बहुतेक चिनी वंशाचे शेतकरी. लस घेतलेले लोकही पडत होते. आणि जपानी मेंदूज्वरात मोठ्या डुकरांना सहसा काही होत नाही, इथे डुकरं अक्षरशः भुंकल्यासारखी खोकत होती. हे सगळं गावकऱ्यांना दिसत होतं. घाबरून त्यांनी डुकरं मिळेल त्या भावाने विकायला काढली, आणि ट्रकमधून तो रोग दक्षिणेकडे नेगरी सेंबिलान राज्यात पोचला. तिथून सिंगापूरच्या कत्तलखान्यापर्यंत.

मार्च १९९९ मध्ये क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठातले डॉक्टर चुआ काव बिंग यांच्याकडे सुंगाई निपाह या गावच्या रुग्णांचे नमुने आले. त्यांनी ते व्हेरो पेशींवर टाकले. या पेशी आफ्रिकेतल्या एका माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ साली जपानमध्ये तयार केल्या गेल्या, आणि तेव्हापासून जगभरच्या विषाणू प्रयोगशाळांत त्या पोळपाट-लाटण्यासारख्या लागतात. काही दिवसांत त्या पेशी एकमेकींत विरघळून मोठे मोठे गोळे होऊ लागल्या. जपानी मेंदूज्वराचा विषाणू असं करत नाही. चुआ नमुने घेऊन विमानाने अमेरिकेला गेले. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की हा गोवर-गालगुंडाच्या कुळातला कुणीतरी आहे, आणि हेंड्राविरुद्धची प्रतिपिंडं त्याला चिकटतात. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या घोड्यांना मारणाऱ्याचा सख्खा भाऊ. त्याला गावाचं नाव मिळालं, निपाह. (निपाह हे खरं तर खाडीकाठी वाढणाऱ्या एका पामचं नाव. त्या गावाने काय पाप केलं होतं, की जगभर ते या एका कारणासाठी ओळखलं जावं!)

मग खरं शस्त्र उगारलं गेलं. सैन्य बोलावून दहा लाखांहून जास्त डुकरं मारण्यात आली. साथ थांबली. तोवर मलेशियात २६५ जण आजारी पडून त्यांतले १०५ गेले होते, सिंगापुरात ११ पैकी एक. आयुष्यभराची मिळकत खड्ड्यात गेलेल्या कुटुंबांचा हिशेब या आकड्यांत नाही. आधीचे पाच-सहा महिने डासांमागे धावण्यात गेले नसते तर यातलं किती वाचलं असतं, हा विचार वाचताना सारखा डोक्यात येत होता.

पण डुकरांना तो दिला कुणी? हेंड्राचा भाऊ म्हटल्यावर संशय वटवाघळांवरच जाणार. पथकांनी १४ जातींची ३२४ वटवाघळं धरली. त्यांतल्या २१ जणांच्या रक्तात प्रतिपिंडं मिळाली. म्हणजे चिखलातलं पाऊल मिळालं. पण विषाणू? एकाही वटवाघळातून नाही. याला कारण आहे. वटवाघूळ विषाणू अंगाबाहेर टाकतं ते मधूनच, थोडे दिवस, थोड्या प्रमाणात. शंभर वटवाघळं धरलीत तरी नेमकं त्या आठवड्यात विषाणू टाकणारं त्यांत असेलच असं नाही. आणि हजारो धरणं शक्य नाही, योग्यही नाही.

चुआंनी इथे जे केलं ते मला सगळ्यांत आवडलं, कारण ते कुठल्याही आजीला सुचावं इतकं साधं आहे. धरू नका, खाली थांबा. वटवाघळं पहाटे झाडावर परतली की लघवी करतात. ते आणि त्यांचे सहकारी टिओमन या बेटावर गेले, झाडांखाली प्लॅस्टिकचे कागद पसरले, आणि वरून पडणारे थेंब गोळा केले. शिवाय वटवाघळांनी अर्धवट खाऊन टाकलेली फळं उचलली आणि दातांच्या खुणांवरून बोळे फिरवले. एका झाडाखाली एका पहाटे शेकडो प्राण्यांचे नमुने, एकालाही हात न लावता. गंमत म्हणजे आधी त्यांना निपाह नाहीच मिळाला, दुसराच एक अनोळखी विषाणू मिळाला. त्याला बेटाचं नाव दिलं, टिओमन. चिकाटीने पुढे जात राहिल्यावर निपाहचे तीन नमुने हाती आले. दोन लघवीतून, आणि एक उष्ट्या फळावरून. २००२ साली हे प्रसिद्ध झालं.

तो तिसरा नमुना महत्त्वाचा. वटवाघळात विषाणू आहे हे कळून तुमचा-माझा काहीच फायदा नसतो. तो उष्ट्या फळावर जिवंत राहतो, हे कळलं तेव्हा सगळी साखळी दिसली. इपोहजवळच्या ज्या फार्मवरून साथ सुरू झाली तिथे तीस हजारांच्या वर डुकरं होती, आणि त्यांच्या कोंडवाड्यांना लागूनच आंब्याची झाडं लावलेली होती. वटवाघळं आंबे खायला येत, उष्टे आंबे खाली कोंडवाड्यात पडत, डुकरं ते खात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे सगळं तपशीलवार मांडलं आहे. मांस आणि आंबे, दोन्हींतून पैसा मिळावा असा हिशेबी माणसाचा विचार होता तो. वाईट बेत मुळीच नव्हता.

हे झालं मलेशियाचं. आपल्याकडची गोष्ट याच्याच पोटातली आहे. २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिलिगुडीला अचानक मेंदूज्वर पसरला. ६६ जण आजारी पडले आणि त्यांतले निम्म्याहून कितीतरी जास्त गेले. त्यांत रुग्णालयात सेवा करणारे आणि रुग्णांना भेटायला आलेले पुष्कळ होते. काय रोग आहे ते त्या वेळी कळलंच नाही. जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासून तो निपाह होता असं दाखवणारा लेख आला २००६ मध्ये, आणि त्यात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे लोक पुढे होते. पाच वर्षांनी नाव मिळालं. गेलेल्यांना त्याचा उपयोग नाही हे खरं. पण त्या नमुन्यांच्या नळ्या कुणीतरी फेकून न देता गोठवून ठेवल्या म्हणूनच पुढच्या वेळी शहाणपण आलं. पुण्यात पाषाणला अशा घातक विषाणूंसाठी सर्वांत कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा २०१२ साली उभी राहिली, आणि मे २०१८ मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्राजवळ लोक मरू लागले तेव्हा काही दिवसांतच निपाहचं नाव समोर आलं. सिलिगुडीची पाच वर्षं आणि केरळचे काही दिवस. हा फरक मला फार मोठा वाटतो. तरीही तिथल्या १८ सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी १६ वाचले नाहीत, आणि त्यांची शुश्रूषा करताना लिनी पुतुशेरी ही तरुण परिचारिका गेली, हे विसरता येत नाही.

त्या केरळच्या साथीतही संन्याशाचा किस्सा आहेच. आजारी कुटुंबाच्या विहिरीत वटवाघळं सापडली. झालं! वाहिन्यांवर ती विहीर दिवसभर दिसत होती. पण ती होती किडे खाणारी छोटी वटवाघळं, आणि तपासणीत त्यांच्यात निपाह नव्हता. मग 'वटवाघळांचा संबंध नाही' अशा उलट बातम्या झळकल्या. त्याही घाईच्याच. नंतर त्याच भागातल्या मोठ्या, फळं खाणाऱ्या वटवाघळांचे घशाचे नमुने पुण्याला तपासले तेव्हा ५२ पैकी १० जणांत निपाहचा आरएनए सापडला, आणि तो माणसांतल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. पहिल्या रुग्णाला तो नेमका कसा लागला, ती कडी मात्र सिद्ध झाली नाही. एकाच गावात एक वटवाघूळ निर्दोष आणि दुसरं संशयित, हे बातमीच्या पट्टीत मावणार कसं?

आता घरचं. जून २०२१ मध्ये बातमी आली की महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह सापडला. नमुने होते मार्च २०२० मधले. आमचं गाव वाईच्या बाजूला, आणि घरामागच्या वडावर वटवाघळांची वस्ती मी जन्मल्यापासून आहे. करोनाने सगळे आधीच घाबरलेले. दोन दिवसांत झाड तोडायचं, निदान सुतळी बॉम्ब लावून वस्ती उठवायची, असं घरात ठरत आलं होतं. धाकटे काका म्हणाले, "लहान पोरं आहेत घरात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" प्रश्न काही चूक नव्हता, आणि त्याचं उत्तर कुणालाच चटकन देता येईना.

महाबळेश्वरला तपासलेली वटवाघळं गुहेत राहणारी, मध्यम आकाराची फळखाऊ, आणि दुसरी अगदी चिमुकली किडेखाऊ. आमच्या वडावरची मोठी वटवाघळं त्या तपासणीत नव्हतीच. सापडली होती ती मुख्यतः प्रतिपिंडं, आणि अगदी मोजक्या नमुन्यांत आरएनए. महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण तोवर नोंदला गेला नव्हता. पण म्हणून आमच्या वडावरची मंडळी धुतल्या तांदळासारखी आहेत असंही म्हणवत नाही, कारण केरळात निपाह सापडला तो नेमक्या याच मोठ्या जातीत. मग काकांना काय सांगायचं?

मला उत्तर सापडलं युगांडात. तिथल्या किटाका खाणीत २००७ साली खाणकामगारांना मारबर्ग या भयंकर रोगाची लागण झाली, आणि खाणीतल्या वटवाघळांत तो विषाणू सापडला. खाणीत एक लाखावर वटवाघळं असावीत असा अंदाज होता. खाणवाल्यांनी ती सगळी मारून टाकली. २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा भागात मारबर्गची पुन्हा साथ आली, आधीपेक्षा मोठी. शास्त्रज्ञ परत खाणीत गेले. मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरची नवी वटवाघळं येऊन राहिली होती. पूर्वी शंभरातल्या पाचेक जणांत चालू लागण दिसली होती, आता ती तेरांवर गेली होती. जुनी, रोग सोसून बसलेली वटवाघळं मेली, आणि कोरी नवी पिढी आत आली. हे म्हणजे सोसायटीतले सगळे गोवर होऊन गेलेले लोक हाकलून नवी बाळंच बाळं आणून ठेवण्यासारखं. बॉम्ब लावून उठवलेली वटवाघळं नाहीशी होत नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी आमराईत जातात.

तेव्हा आम्ही काय केलं ते सांगतो. विहिरीवर जाळी टाकली. वडाखालचा गुरांच्या पाण्याचा हौद हलवून गोठ्याच्या पलीकडे नेला. दात लागलेलं फळ कुणी उचलायचं नाही, पडलेली फळं गुरांपुढे टाकायची नाहीत, झाडाखाली खेळलं की हात धुवायचे, आणि मेलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही, एवढे चार नियम पोरांना पाठ करायला लावले. खर्च जाळीचा तेवढा. झाड अजून उभं आहे. येत्या दिवाळीत वाटणीचं बोलणं निघणार आहे आणि त्यात वडाचा विषय पुन्हा येणार, हे इथे वाचणाऱ्या आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा निर्णय काय घ्यायचा तो सगळ्यांनी मिळून घेऊच, पण बॉम्ब आणायच्या आधी किटाकाची गोष्ट लक्षात असू द्या.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, म्हणजे कुणीही मारावीत. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. पन्नास वर्षं लागली. असो.

बांगलादेशात २००१ पासून जवळपास दरवर्षी निपाह येतो. तिथे हिवाळ्यात खजुराच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस गोळा करतात आणि सकाळी ताजा कच्चा पितात. संशोधकांनी झाडांवर अंधारात दिसणारे कॅमेरे बसवले, तेव्हा वटवाघळं येऊन त्याच खाचेवरचा रस चाटताना दिसली, मडक्यात लघवी करताना दिसली. उपाय? रस काढणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत असलेलाच. बांबूच्या कामट्या विणून केलेली झडप खाचेवर आणि मडक्यावर बांधायची. तिला ते बाना म्हणतात. वटवाघूळ येतं, झडप चाटतं, निघून जातं. (आपल्याकडे माडी उतरवणाऱ्यांनीही मडक्याचं तोंड झाकलं तर बिघडणार काही नाही.)

इतकं वाचल्यावर मला एवढं कळलंय की विषाणू शोधणाऱ्याचं खरं काम गुन्हेगार पकडण्याचं नाहीच. वटवाघूळ तो विषाणू बाळगून लाखो वर्षं जगत आलंय, त्याला त्याची खबरही नसेल. शोधायची असते ती जागा, जिथे त्याचं तोंड आणि आपलं ताट एकत्र येतं. कधी कोंडवाड्यावर झुकलेली आंब्याची फांदी, कधी उघडं मडकं, कधी खाणीचं तोंड. ती जागा सापडली की उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतो, आणि ती न सापडल्यामुळे मोजावी लागलेली किंमत दहा लाख डुकरांची असते.

मलेशियात १९९९ नंतर निपाहची एकही साथ नोंदली गेलेली नाही. डुकरं पाळणाऱ्यांनी फळझाडं आणि कोंडवाडे वेगळे केले. वटवाघळं मात्र तिथेच आहेत, आणि विषाणूही त्यांच्यात आहे. टिओमनवर पुढे पुन्हा संशोधक गेले, या वेळी कॅमेरे घेऊन. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की ज्या जातीच्या लघवीत चुआंना निपाह सापडला होता, तीच वटवाघळं रात्री ड्युरियनच्या फुलांवर जातात, मध पितात, आणि फुलं शाबूत ठेवून परागीभवन करतात. ड्युरियन म्हणजे मलेशियाचा हापूस समजा. म्हणजे ज्या तोंडाने ती फळ उष्टं करतात, त्याच तोंडाने पुढच्या मोसमाचं फळ धरवतात.

लेख फारच लांबला. तूर्तास एवढंच. चुका दिसल्या तर खाली कळवा, आणि आंबे धुऊन खा.